मास्तरांनी मारलेली हाक

आमच्या मास्तरांनी फयान वादळाच्या दिवशी देवाला हाक मारली की नाही, यावर आमच्या वाडीत अजून वाद होतो. पंधरा वर्षं उलटली. ती बोट विकली गेली, बंदरावरच्या चहाच्या टपरीचा मालक बदलला, वाद तोच आहे. मी त्या बोटीवर नव्हतो. पण गोष्ट तिघांच्या तोंडून ऐकली आहे: तांडेलाच्या, त्याच्या भाच्याच्या आणि खुद्द मास्तरांच्या. तिघांच्या सांगण्यात फरक आहे तो एका शब्दापुरता. तो शब्द ‘आई’.

मास्तर आम्हाला विज्ञान शिकवत. नास्तिक होते, पण लोकांच्या देव्हाऱ्यावर जाऊन भांडणारे नव्हेत. गणपतीत कोणाच्याही घरी बोलावलं तर जायचे, आरतीच्या वेळी ओटीवर पेपर वाचत बसायचे आणि आरती संपली की पानावर हजर. ‘मोदकात तूप असतं, देव नसतो,’ असं म्हणून पाच-सहा खायचे. वर्षातून एकच दिवस त्यांचा नास्तिकपणा वर्गात यायचा, २३ मार्चला. परीक्षा तोंडावर असायची, तरी पुस्तक मिटून ते भगतसिंगांविषयी बोलायचे. १९२७ साली लाहोरला पोलिसांनी पकडलं तेव्हा काही अधिकारी त्यांना रोज प्रार्थना करायला सांगत होते. आपण सुखाच्या दिवसांपुरते नास्तिक आहोत की कठीण काळातही राहू, हे एकदा बघूच, असं त्या एकोणीस वर्षांच्या मुलानं ठरवलं आणि प्रार्थना केली नाही. १९३०च्या ऑक्टोबरात, फाशीची शिक्षा समोर दिसत असताना, त्यानं तुरुंगात बसून आपण नास्तिक का आहोत हे लिहून काढलं. देव मानला तर संकट हलकं होतं, हे त्यात त्यानं मोकळेपणानं कबूल केलंय, हे मास्तर मुद्दाम सांगत. ‘ज्याला औषध समोर दिसतंय आणि तरी तो घेत नाही, त्याचा विचार करा,’ म्हणायचे. आम्ही शाळकरी पोरं. आम्हाला फक्त तास फुकट गेल्याचा आनंद व्हायचा.

तांडेल याच्या अगदी उलट. कपाळाला कुंकवाचा टिळा, बोटीच्या केबिनमध्ये एकवीरा आईची तसबीर, तिच्यापुढे अगरबत्ती लावल्याशिवाय इंजिन सुरू व्हायचं नाही. चैत्रात कार्ल्याची वारी कधी चुकली नाही. हे दोघं शाळासोबती. तांडेल सातवीला शाळा सोडून दर्यात गेला, मास्तर शिकून परत शाळेतच आले. तरी तांडेल त्यांना ‘मास्तर’ आणि ‘तुम्ही’च म्हणायचा, आणि मास्तर त्याला ‘अरे तांडेला’. संध्याकाळी हर्णैचा लिलाव आटोपला, बैलगाड्या आणि टेम्पो निघून गेले, की दोघं सुवर्णदुर्गाकडे तोंड करून बसायचे आणि भांडायचे.

तांडेलाचा एकच मुद्दा असायचा. ‘मास्तर, तुमचा नास्तिकपणा कोरड्यावरचा. पायाखाली जमीन आहे तोवर ठीक आहे.’

यावर मास्तरांकडे एक ठेवणीतली गोष्ट होती. दुसऱ्या महायुद्धापासून इंग्रजीत एक म्हणच पडली आहे, खंदकात कोणी नास्तिक नसतो. म्हणजे तांडेलाचंच म्हणणं, फक्त साहेबाच्या भाषेत. त्याला उत्तर म्हणून मास्तर जो सिम्प्सन नावाच्या इंग्रज गिर्यारोहकाचं सांगायचे. १९८५ साली पेरू देशात सिउला ग्रांदे नावाचं सहा हजार मीटरच्या वरचं शिखर चढून उतरताना त्याचा पाय मोडला. जोडीदार सायमन येट्स त्याला दोराला बांधून बर्फाच्या उतारावरून टप्प्याटप्प्यानं खाली सोडत होता. एका ठिकाणी सिम्प्सन कड्यावरून अधांतरी लोंबकळला. वर येट्सला तो ओढवेना, धरवेना, आणि स्वतःच हळूहळू खाली घसरू लागला. शेवटी त्यानं दोर कापला. सिम्प्सन बर्फाच्या भेगेत पडला. वर चढणं अशक्य, म्हणून तो दोरावरून आणखी खोल उतरला, तिथून वाट सापडली, आणि मोडक्या पायानं तीन-चार दिवस सरपटत तळावर पोचला. हा माणूस लहानपणी कट्टर कॅथलिक घरात वाढलेला, पुढं श्रद्धा सुटलेली. वेळ आली तर आपण पुन्हा जपमाळेकडे वळू का, असं त्याला आधीपासून वाटायचं. त्या भेगेत ते एकदाही मनात आलं नाही, असं त्यानं नंतर कॅमेऱ्यासमोर सांगितलं आहे. सरपटताना डोक्यात काय घुमत होतं, तर बोनी एमचं एक गाणं, तेसुद्धा त्याला न आवडणारं.

ही गोष्ट पहिल्यांदा ऐकल्यावर तांडेल बराच वेळ गप्प होता म्हणे. मग विचारलं, ‘दोर कापला, तो मित्र पुढं कसा राहिला?’

‘लोकांनी फार बोल लावले. पण सिम्प्सननं त्याचीच बाजू घेतली.’

‘घेणारच. कापायलाच हवा होता. नायतर दोघं गेले असते.’

देवाचा मुद्दा बाजूलाच राहिला. मास्तरांना याचा राग यायचा, कारण गोष्ट त्यांनी सिम्प्सनसाठी सांगितलेली असायची आणि तांडेल कायम येट्सच्या बाजूनं ऐकायचा.

२००९च्या मे महिन्यात मास्तर निवृत्त झाले. आयुष्यभर दर्याच्या काठावर राहून एकदाही खोल पाण्यात गेलो नाही, ही त्यांची जुनी खंत. दिवाळी झाली, दर्या निवळला, तेव्हा तांडेल म्हणाला, ‘चला एक फेरी. दोन दिवसांत परत.’ १० नोव्हेंबरला पहाटे बोट सुटली. तांडेल, सहा खलाशी आणि मास्तर. रात्री वायरलेसवर वादळाची बातमी आली तेव्हा बोट वीस वाव पाण्यात होती आणि जाळं खाली.

फयान हे काही पुढच्या काळातल्या निसर्ग किंवा तौक्तेसारखं अजस्र वादळ नव्हतं. वाऱ्याचा वेग ताशी ऐंशी किलोमीटरच्या आसपास. लक्षद्वीपकडे जन्मलं, कोकणच्या कडेकडेनं वर सरकलं आणि ११ नोव्हेंबरला दुपारी अलिबाग आणि मुंबईच्या दरम्यान जमिनीवर चढलं. पण ते आलं मासेमारीच्या ऐन हंगामात. बोटी दर्यातच होत्या. कित्येक घरांत त्या दिवसानंतर माणूस परत आलेला नाही. म्हणून कोकणच्या किनाऱ्यावर या वादळाचं नाव अजून हळू आवाजात घेतात.

पहाटे वारा आग्नेयेकडून सुटला आणि पाऊस आडवा झाला. जाळं अर्धं वर ओढलं होतं. बोट त्याच्या वजनानं एका अंगाला कलू लागली. तांडेलानं कोयता मागितला आणि दोर तोडले. लाखभराचं जाळं, कर्जाचं. भाचा सांगतो, मामानं जाळ्याकडे वळूनसुद्धा बघितलं नाही.

मग खलाशी म्हणू लागले, आंजर्ल्याच्या खाडीत घुसूया. तांडेल म्हणाला, नाही. खाडीच्या तोंडावर वाळूची आडण असते, तिथं उथळ पाण्यात लाट उभी राहते आणि फुटते. ‘बोट दर्यात बुडत नाय, तोंडावर फुटते.’ त्यानं नाळ लाटेकडे धरली, इंजिन अगदी हळू ठेवलं, आणि नांगराचा दोर लांब सोडून दिला. बोटीचं तोंड लाटेवरून फिरू नये, एवढंच त्या दिवशीचं काम. आडवी लाट एक बसली की संपलं. हे काम त्यानं सकाळी सहापासून दुपार उलटेपर्यंत केलं. सुकाणू कोणाच्या हातात दिलं नाही, पाणी प्यायला नाही, कपड्यातच मोकळा झाला.

बाकीच्यांचे हात मोकळे होते, तोवर तोंडं चालू होती. एकानं आंजर्ल्याच्या कड्यावरच्या गणपतीला नारळांचं तोरण बोललं. एकानं केळशीच्या याकूबबाबांना चादर. भाच्याला तेव्हा चोवीसाव्या वर्षीच दारूनं पुरतं धरलेलं. तो एकवीरा आईला म्हणाला, वाचव, थेंब तोंडाला लावणार नाही. मास्तर केबिनच्या दाराला धरून हे सगळं ऐकत होते. भाचा शपथेवर सांगतो की तेव्हा मास्तर हसले. मास्तर म्हणतात, ‘हसलो नाही, दात वाजत होते.’

साडेनवाच्या सुमारास पंप बंद पडला. इंजिनच्या खणात पाणी चढू लागलं. आता सगळ्यांनाच काम मिळालं. बालद्या, डिझेलचे कापलेले डबे, जेवणाचं पातेलं, हाताला येईल ते घेऊन माणसांची ओळ लागली. मास्तर खणात, गुडघाभर तेलकट पाण्यात. भरायचं, वर द्यायचं, रिकामं घ्यायचं. भाच्याच्या सांगण्यात या दोन तासांविषयी काहीच येत नाही. मी खोदून विचारलं, तेव्हा म्हणाला, ‘तेव्हा कोण काय बोलणार? मोजत होतो.’ कोणीतरी डबे मोजायला सुरुवात केली होती आणि बाकीच्यांनी ते उचललं. नवस थांबले होते. मोजणी अकराशेच्या पुढं गेल्याचं मास्तरांना आठवतं.

आणि मग ती लाट आली. नाळ वर गेली, इतकी वर की खणात उभ्या असलेल्या मास्तरांना केबिनच्या दारातून फक्त आभाळ दिसलं, आणि बोट खाली आदळताना ते इंजिनवर फेकले गेले. दोन बरगड्या तिथंच मोडल्या. त्याच वेळी ते ओरडले.

भाचा म्हणतो, ‘आई एकवीरे!’ असं ओरडले. तांडेल म्हणतो, नुसतं ‘आई!’ मास्तर म्हणतात, ‘आई गं.’

मराठीत नास्तिकाची पंचाईतच आहे. ठेच लागली तर ‘आई गं’, पाकीट विसरलं तर ‘अरे देवा’, वाटेत कोणी भेटला तर ‘राम राम’. भाषा आपल्याला न विचारता आपल्या वतीनं बोलत असते. आणि कोळ्यांच्या तोंडी तर ‘आई’ म्हटलं की घरातली कोणती आणि कार्ल्याची कोणती, हे ऐकणाऱ्यानं ठरवायचं.

दुपारनंतर वारा पडला. रात्रभर बोट दर्यातच राहिली आणि १२ तारखेला सकाळी भरतीच्या पाण्यावर खाडीत शिरली. आठही माणसं जिवंत.

वाडीत बातमी बोटीआधी पोचली होती असं म्हणायला हरकत नाही, कारण मास्तरांच्या बरगड्यांना पट्टा बांधून होतो न होतो, तोच देवळाच्या फळ्यावर खडूनं लिहिलेलं होतं: मास्तरांना प्रचिती. येणाऱ्या रविवारी सत्यनारायण, सगळ्या खलाशांचा सत्कार, मास्तरांचे दोन शब्द. ‘अडला हरी’ ही म्हण त्या आठवड्यात वाडीत इतक्यांदा म्हटली गेली की शाळेतली पोरंही म्हणू लागली. त्या म्हणीत गाढवाचे पाय धरणारा हरी आहे आणि हरी म्हणजे देव, हे कोणाच्या लक्षात आलं नाही.

शनिवारी संध्याकाळी तालुक्याहून मास्तरांचे विवेकवादी मित्र मोटारसायकलवरून आले. त्यांचं म्हणणं सरळ होतं. मास्तरांनी लेखी द्यावं की आपण कसलीही हाक मारलेली नाही. ‘एवढ्या वर्षांचं काम आहे. एका शब्दानं पाण्यात जाईल.’ मास्तरांनी त्यांना चहा दिला आणि विचारलं, ‘तुम्ही बोटीवर होता का?’ मित्र रागावून गेले. त्यातला एक नंतर कित्येक वर्षं बोलत नव्हता.

मला त्या शनिवारचं फार वाटतं. देवळातल्यांना मास्तरांच्या तोंडून एक वाक्य हवं होतं, मित्रांना दुसरं, आणि खणातल्या पाण्यात नक्की काय झालं याच्याशी दोघांनाही देणंघेणं नव्हतं. मास्तरांनी कोणालाही खूश केलं असतं तर उरलेलं आयुष्य सोपं गेलं असतं.

रविवारी ते देवळात गेले. चपला बाहेर काढून नेहमीसारखे खांबाला टेकून बसले. पूजा झाल्यावर उभे राहिले तेव्हा बरगड्यांमुळे जोरात बोलता येत नव्हतं, म्हणून सगळे शांत झाले.

‘मी ओरडलो,’ ते म्हणाले. ‘आई म्हणालो. कोणाला म्हणालो, ते मला माहीत नाही. माझी आई जाऊन अठरा वर्षं झाली. देवीला म्हणालो असं सांगितलं तर खोटं होईल, आणि देवीला म्हणालो नाही असं छातीठोक सांगितलं तरी खोटंच होईल. तीन सेकंदांत माणूस काय मानतो ते ठरत नाही. भगतसिंगांकडे विचार करायला तीन वर्षं होती, त्या सिम्प्सनकडे तीन दिवस. मला पाय घसरायला लागतो तेवढा वेळ मिळाला. आज रविवार आहे, पायाखाली जमीन आहे, मी शुद्धीवर आहे, आणि आज मला विचाराल तर मी देव मानत नाही. दोन्ही लिहून घ्या.’

कोणीतरी मागून म्हणालं, म्हणजे मारली ना हाक! हशा झाला. तेवढ्यात तांडेल उठला. तो कधी चारचौघांत बोलत नसे.

‘मी सांगतो. त्या दिवशी माझ्या तोंडून देवाचं नाव आलं नाय. एकदा पण नाय.’

हशा थांबला. भटजींनी समजुतीच्या सुरात विचारलं, ‘तोंडून नसेल. मनात तर असेल ना, तांडेला?’

‘मनात लाट होती.’

‘आणि देवी?’

‘देवी केबिनमध्ये होती. पहाटे अगरबत्ती लावली होती, तेवढी पुरे. हात मोकळे असते तर मी पण नवस बोललो असतो.’ मग खाली बसता बसता म्हणाला, ‘मास्तर पण डबे भरत होते तोवर गप होते. सगळेच गप होते.’

फळ्यावरचं ‘प्रचिती’ दुसऱ्या दिवशी कोणीतरी पुसलं. कोणी, ते कळलं नाही. वाद मात्र पुसला गेला नाही, कारण त्या रविवारनंतर वाडीत दोन प्रश्न झाले: नास्तिकानं हाक मारली ती कोणाला, आणि आस्तिकानं मारली नाही ती का.

आता राहिला भाचा. गणपतीला नारळांचं तोरण गेलं, केळशीला चादर गेली. भाच्याचा नवस तेवढा राहिला होता. दहा-बारा दिवस त्यानं पाळला. मग एका संध्याकाळी मास्तरांनी त्याला टपरीमागून तोंड पुसत येताना पाहिलं. त्यांनी काही उपदेश केला नाही. दुसऱ्या दिवसापासून रोज लिलावाच्या वेळी बंदरावर जाऊन त्याच्यासमोर उभे राहायचे आणि विचारायचे, ‘काल?’ एवढंच. भाचा चिडला. चारचौघांत म्हणाला, ‘नवस मी देवीशी बोललोय, तुमच्याशी नाय. तुम्ही तर तिला मानत पण नाय!’

मास्तर म्हणाले, ‘मी शब्द मानतो. तू दिलास तेव्हा मी दोन हातांवर उभा होतो. देवी काही बंदरावर विचारायला येणार नाही, म्हणून मी येतो.’

आठ महिने ते रोज गेले. पावसाळ्यात बोटी वर ओढल्यावर त्याच्या घरी गेले. भाचा दोनदा घसरला, एकदा शिमग्यात आणि एकदा बहिणीच्या लग्नात, आणि दोन्ही वेळा ‘काल?’ला त्यानं खरं उत्तर दिलं. आज तो स्वतः तांडेल आहे. देवीनं सोडवली, असं सांगतो, आणि त्याचं तसं म्हणणं मास्तरांनी कधी खोडून काढलं नाही.

२०१० साली नारळी पौर्णिमा २४ ऑगस्टला आली. पाऊस होता. तांडेलानं दर्याला नारळ वाहिला, आणि मास्तर दरवर्षीप्रमाणे त्याच्या डोक्यावर छत्री धरून शेजारी उभे होते.